हुकूमशहाने करून ठेवलेले कर्ज पुढचे लोकशाही सरकार नाकारत का नाही?

प्रश्न असा आहे: "माझा मुलगा फिलिपिन्समध्ये दावाओला वैद्यकीय शिक्षण घेतो. त्याच्या घरमालकीणबाई सांगतात की मार्कोसच्या काळातल्या एका अणुवीज प्रकल्पाचे कर्ज त्यांच्या देशाने २००७ पर्यंत फेडले आणि त्या प्रकल्पातून एक युनिट वीजही कधी मिळाली नाही. हुकूमशहा पळून गेल्यावर आलेल्या सरकारने हे कर्ज सरळ नाकारले का नाही? आणि ते पैसे आता परत मिळू शकतात का?"

घरमालकीणबाईंनी सांगितलेली हकीकत खरी आहे. मार्कोस म्हणजे १९८६ मध्ये पळून गेलेला फिलिपिन्सचा हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस. मी एकोणीस वर्षे कर्जदार देशांच्या बाजूने परकीय कर्जांच्या कागदपत्रांची छाननी करण्याचे काम केले. फिलिपिन्सच्या प्रकरणाशी माझा थेट संबंध आला नाही. पण या कामातल्या प्रत्येकाला ते प्रकरण तोंडपाठ असते, कारण कर्जदार देशाकडून होऊ शकणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका त्यात एका ठिकाणी सापडतात. म्हणून उत्तर त्याच देशाभोवती ठेवतो.

आधी प्रश्नाची मांडणी थोडी बदलावी लागेल. हुकूमशहाने चोरी केली की नाही, यावर सहसा वाद नसतो. सावकार बँकांनाही ते मान्य असते. वाद असतो तो कर्जदार कोण, यावर. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने कर्जदार हे राज्य असते, सरकार नव्हे. सरकार बदलले, राज्यघटना बदलली, राजा जाऊन प्रजासत्ताक आले, तरी राज्य तेच राहते आणि त्याच्या नावावरचे करारही तसेच राहतात. हा नियम वेडगळ नाही. तो नसता तर प्रत्येक सत्तांतरानंतर सगळे करार नव्याने करावे लागले असते आणि गरीब देशांना दीर्घ मुदतीचे कर्ज कोणी दिलेच नसते. अडचण एवढीच की सही करणारा माणूस लोकांच्या वतीने सही करत होता की लोकांच्या छातीवर बसून, हे हा नियम विचारत नाही.

आपल्या परंपरेला हा पेच नवा नाही. वडिलांचे ऋण मुलाने फेडलेच पाहिजे, असे धर्मशास्त्र सांगते. पण याज्ञवल्क्य स्मृतीतच त्याला अपवादही दिले आहेत. दारू, कामवासना आणि जुगार यांपायी केलेले कर्ज, न भरलेला दंड, निरर्थक दाने यांसाठी काढलेले पैसे मुलाने देण्याची गरज नाही. मिताक्षरा या याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या टीकेच्या परंपरेतून आलेल्या हिंदू कायद्यात अशा कर्जाला 'अव्यावहारिक' म्हटले गेले आणि इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही तो अपवाद मानला. मुंबई प्रांतात तर १८६६ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: मुलाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरतीच राहील. मात्र कर्ज अव्यावहारिक होते, हे सिद्ध करण्याचा भार मुलावर असे, सावकारावर नव्हे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे सगळे घोडे तिथेच अडते.

देशांच्या कर्जाबाबत असाच विचार अलेक्झांडर सॅक या रशियन कायदेपंडिताने १९२७ मध्ये मांडला. जे कर्ज राज्याच्या गरजेसाठी नव्हे, तर जुलमी राजवट टिकवण्यासाठी घेतले गेले आणि सावकाराला त्याची जाणीव होती, ते कर्ज त्या राजवटीचे खासगी कर्ज होय आणि राजवटीबरोबरच ते बुडते, असे त्याचे म्हणणे होते. यालाच पुढे 'ओडियस डेट' किंवा निंद्य कर्ज असे नाव रूढ झाले. हे एका विद्वानाचे मत आहे. ते कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराचे कलम झालेले नाही आणि केवळ त्याच्या आधारावर एखाद्या देशाला कर्जमुक्त करणारा निकाल माझ्या पाहण्यात नाही.

त्याच्या सर्वांत जवळ जाणारा निवाडा सॅकच्या आधीचा, १९२३ चा आहे. कोस्टा रिकात फेडेरिको टिनोको याने १९१७ मध्ये सत्ता बळकावली आणि १९१९ मध्ये तो देश सोडून गेला. जाण्याच्या सुमारास त्याच्या राजवटीने रॉयल बँक ऑफ कॅनडाकडून पैसे उचलले होते. पुढच्या सरकारने त्या काळातले व्यवहार कायद्याने रद्द ठरवले, तेव्हा ब्रिटनने बँकेची बाजू घेतली आणि प्रकरण लवादाकडे गेले. लवाद होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आणि तेव्हाचे सरन्यायाधीश विल्यम टाफ्ट. टिनोकोचे सरकार बेकायदा होते म्हणून त्याचे सगळे व्यवहार रद्द, हा युक्तिवाद टाफ्ट यांनी मानला नाही. मात्र बँकेच्या दाव्यातले पैसे कशासाठी गेले, हे त्यांनी तपासले. एक लाख डॉलर टिनोकोच्या परदेशगमनाच्या खर्चासाठी आणि एक लाख त्याच्या भावाच्या परदेशातल्या नेमणुकीच्या पगारापोटी, आगाऊ. हे सगळे बँकेला माहीत होते. म्हणून दावा फेटाळला गेला. म्हणजे टाफ्ट यांनी राजवट तपासली नाही, उचल तपासली. माझ्या व्यवसायाचा सगळा पाया या एका फरकावर उभा आहे. 'मार्कोसचे कर्ज' असे एकगठ्ठा कर्ज नसतेच. शेकडो करार असतात. त्यांतल्या काहींतून खरोखर रस्ते झालेले असतात, काहींचे पैसे अर्धे मुरलेले असतात आणि काही मुळातच लुटीसाठी केलेले असतात.

आता घरमालकीणबाईंनी सांगितलेल्या अणुवीज प्रकल्पाकडे, म्हणजे बाताआनकडे येऊ. लुझोन बेटावरच्या बाताआन प्रांतात मोरोंग येथे हा प्रकल्प आहे. १९७२ पासून देशात मार्शल लॉ होता, त्यामुळे संसदेपुढे काही जाण्याचा प्रश्न नव्हता. वेस्टिंगहाउस कंपनीचा प्रस्ताव सुरुवातीला दोन अणुभट्ट्यांसाठी सुमारे ५० कोटी डॉलरचा होता. शेवटी ६२० मेगावॉटच्या एकाच भट्टीवर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. हे कंत्राट कंपनीला मिळवून देण्यात मार्कोसचा निकटवर्ती हर्मिनियो डिसिनी याचा हात होता आणि त्याबद्दल त्याला घसघशीत कमिशन मिळाले. वित्तपुरवठ्यात अमेरिकेच्या एक्झिम बँकेचे, म्हणजे निर्यातीला कर्ज देणाऱ्या तिथल्या सरकारी बँकेचे, कर्ज आणि हमी होती. १९७६ मध्ये काम सुरू झाले. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर ते थांबवून चौकशी झाली, मग पुन्हा सुरू झाले. जवळच नातिब हा ज्वालामुखी आहे. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस पळाला, एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा अणुअपघात झाला आणि नव्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांच्या सरकारने प्रकल्प बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. वीज शून्य, व्याज मात्र चालू.

अकिनो यांच्यापुढे कर्जाचा डोंगर सुमारे २६ अब्ज डॉलरचा होता. त्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे बोलताना त्यांनी या कर्जाला 'दुसरी गुलामगिरी' म्हटले आणि त्याच भाषणात ते फेडण्याचे वचनही दिले. मंत्रिमंडळात याला विरोध नव्हता असे नाही. आर्थिक नियोजनाच्या प्रमुख सोलिता मोन्सोद यांचे मत होते की कर्जे निवडून पाहावीत आणि जी फसवणुकीची आहेत ती नाकारावीत. अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर यांना ते पटले नाही. गव्हर्नर तर मार्कोसच्या काळापासून त्याच पदावर होते. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

इथे परिस्थितीचा विचार केलाच पाहिजे, नाहीतर अकिनो यांच्यावर अन्याय होईल. १९८३ पासून देश मुद्दल फेडू शकत नव्हता. १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षांत अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून अधिक आकसली होती. तेलाची आयात अल्पमुदतीच्या व्यापारी पतीवर चालत होती आणि ती पत देणाऱ्या बँका त्याच होत्या, ज्यांचे जुने कर्ज नाकारायचे होते. लष्करातले गट बंडाच्या तयारीत होते आणि वॉशिंग्टनचा पाठिंबा हवा होता. अशा वेळी कर्ज नाकारणे म्हणजे महिन्याभरात पेट्रोल पंपांवर रांगा लागण्याचा धोका पत्करणे. मी त्यांच्या जागी असतो तर मोन्सोद यांच्या बाजूने उभा राहिलो असतो, असे मला वाटते. पण हे पुण्यात खुर्चीत बसून म्हणणे सोपे आहे, याचीही मला जाणीव आहे.

त्यानंतर जे झाले, त्याला मात्र परिस्थितीची ढाल लावता येत नाही. मार्कोसच्या १९७७ च्या हुकमाने कर्जाच्या हप्त्यांची तरतूद आपोआप होत असे. संसदेने दरवर्षी मंजुरी देण्याची गरज नसे. लोकशाही आल्यावर १९८७ च्या प्रशासकीय संहितेत ही तरतूद तशीच ठेवली गेली आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. १९९२ मध्ये बँकांची जुनी कर्जे ब्रेडी रोख्यांत, म्हणजे थकलेल्या बँककर्जांच्या बदल्यात देश काढत असलेल्या नव्या रोख्यांत, बदलली गेली. वेस्टिंगहाउसवर सरकारने १९८८ मध्ये न्यू जर्सीत लाचखोरीचा दावा लावला होता. १९९३ मध्ये ज्यूरीने कंपनीला निर्दोष ठरवले आणि १९९५ मध्ये दहा कोटी डॉलरच्या तडजोडीवर प्रकरण मिटले. हा दावा कंपनीविरुद्ध होता. कर्जाला कोणी हातच लावला नव्हता, म्हणून ते २००७ पर्यंत शांतपणे फेडले जात राहिले.

आपल्याकडे गावच्या सोसायटीत मार्चअखेरीला 'नवे-जुने' करतात, ते सर्वांना माहीत आहे. जुने पीककर्ज कागदावर फेडले जाते आणि त्याच दिवशी नवे उचलले जाते. शेतकऱ्याच्या हाती फारसे काही पडत नाही, पण खाते स्वच्छ होते. देशांच्या कर्जातही नेमके हेच घडते. हुकूमशहाच्या सहीचा करार पुनर्रचनेत, म्हणजे कर्जाच्या अटी नव्याने ठरवताना, संपतो आणि त्याच्या जागी निवडून आलेल्या अर्थमंत्र्याच्या सहीचा नवा करार येतो. नव्या करारात बहुधा एक कलम असते, की कर्जदार हे ऋण बिनशर्त मान्य करतो आणि त्याविरुद्धचे सर्व आक्षेप सोडून देतो. त्या कलमाखाली सही झाली की सॅकचा सिद्धान्त, टाफ्टचा निवाडा आणि लुटीचे सगळे पुरावे अभ्यासकांच्या कामाचे उरतात, वकिलांच्या नव्हे.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. देशाचे आणि सावकाराचे नाव देत नाही. एका आफ्रिकी देशात सिमेंट कारखान्यासाठी काढलेल्या जुन्या कर्जाची फाइल माझ्याकडे आली. कागद वाचायचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी कर्जकरार नाही, तर उचलीच्या सूचना. पैसे कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात गेले, ते तिथे कळते. निर्यात-कर्जात ते बहुधा कर्जदार देशात येतच नाहीत. सावकाराच्या देशातल्या पुरवठादाराला परस्पर मिळतात. या फाइलमध्ये नव्वद टक्के उचल झालेली होती आणि यंत्रसामग्री जहाजावर चढल्याची पावती निम्म्याहून कमी मालाची होती. त्याहून महत्त्वाचा कागद वेगळाच होता. सावकाराच्याच अभियंत्याने पहिल्या उचलीपूर्वी लिहिले होते की नियोजित जागेजवळ पुरेसा चुनखडक नाही. म्हणजे सावकाराला माहीत होते. असे पत्र हाती लागणे म्हणजे आमच्या धंद्यात घबाड. दोन दिवस मी आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी त्याच कपाटात खालच्या कप्प्यात पुनर्रचनेचे तीन करार सापडले. त्यांतला दुसरा हुकूमशहा गेल्यानंतर चौदा महिन्यांनी झालेला होता आणि त्यात ते कलम होते. ज्या अधिकाऱ्याने त्यावर सही केली होती, त्याला मी भेटलो. भला माणूस होता. तो म्हणाला, "त्या आठवड्यात आम्हाला गव्हाचे जहाज सोडवून घ्यायचे होते."

झैरचे, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे उदाहरण याहून मोठे आहे. तिथला हुकूमशहा मोबुतू याच्या मध्यवर्ती बँकेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९७८ मध्ये एर्विन ब्लुमेंटाल या जर्मन बँकरला पाठवले. त्याने १९८२ च्या अहवालात स्पष्ट लिहिले की भ्रष्टाचार एवढा मुरलेला आहे की सावकारांना त्यांचे पैसे परत मिळण्याची आशा नाही. सावकाराला माहीत होते का, या प्रश्नाचे इतके नि:संदिग्ध उत्तर क्वचितच मिळते. तरीही त्यानंतर कर्जे दिली गेली आणि मोबुतू १९९७ पर्यंत टिकला. पुढे २००२ मध्ये काँगोने नाणेनिधीची थकबाकी फेडली ती कशी, तर बेल्जियम, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका आणि स्वीडन यांनी दिलेल्या तात्पुरत्या उसनवारीतून. आणि ती उसनवारी फिटली नाणेनिधीच्याच नव्या कर्जातून. सोसायटीच्या सचिवालाही याहून सफाईदार नवे-जुने जमले नसते. २०१० मध्ये काँगोला १२ अब्ज डॉलरहून अधिक सूट मिळाली, ती देश अत्यंत गरीब आणि कर्जाखाली दबलेला असल्यामुळे. कर्ज मुळात देणेच चुकीचे होते, असे कोणत्याही सावकाराने त्या कागदावर लिहिले नाही.

इराकमध्येही तेच झाले. सद्दामचे कर्ज निंद्य ठरवावे, अशी चर्चा २००३ मध्ये खुद्द अमेरिकेत झाली. पण असा पायंडा पडला तर आपल्या इतर कर्जांचे काय, ही धास्ती सगळ्याच सावकार देशांना होती. शेवटी नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लबने, म्हणजे सावकार देशांच्या गटाने, सुमारे ३९ अब्ज डॉलरपैकी ८० टक्के रक्कम सोडली आणि कारण दिले ते इराकच्या ऐपतीचे. सूट घसघशीत होती, हे मान्य करायला हवे. शिवाय सुरक्षा परिषदेच्या १४८३ व्या ठरावाने इराकच्या तेलाच्या पैशावर जप्ती आणण्यास मनाई केली होती. असे कवच फिलिपिन्सला कधी मिळाले नाही. म्हणून 'इराकला जमले ते इतरांना का नाही' हा प्रश्न कोणी विचारला, की मी आधी कवच कोणाचे होते ते विचारतो.

सावकाराने आपली चूक कबूल केल्याचे एक ठळक उदाहरण नॉर्वेचे आहे. आपल्या जहाजबांधणी उद्योगाला कामे मिळावीत म्हणून त्या देशाने १९७६ ते १९८० या काळात जहाजे उधारीवर विकली होती. २००६ मध्ये नॉर्वेने इक्वेडोर, इजिप्त, जमैका, पेरू आणि सिएरा लिओन यांची उरलेली बाकी 'सावकार म्हणून आमचीही जबाबदारी होती' असे म्हणून सोडली. रक्कम लहान होती, आठ कोटी डॉलरच्या आसपास. पण कारण ऐपतीचे दिले नाही, हे विशेष. इक्वेडोरने तर २००७ मध्ये स्वतःच्या कर्जांचे लेखापरीक्षण करणारा आयोग नेमला आणि त्याच्या अहवालानंतर २००८ च्या अखेरीस सुमारे ३.२ अब्ज डॉलरच्या रोख्यांचे पैसे देणे थांबवले. पुढच्या वर्षी त्यातले बहुतेक रोखे डॉलरमागे सुमारे ३५ सेंटांना परत विकत घेतले. काही जण याला निंद्य कर्जाच्या सिद्धान्ताचा विजय म्हणतात. मला तसे वाटत नाही. जागतिक बाजार कोसळलेला होता, सरकारच्या हाती तेलाचा पैसा होता आणि रोखेधारक घाबरलेले होते. लेखापरीक्षणाने सरकारला घरच्या लोकांपुढे बोलण्याचे बळ दिले. भाव मात्र बाजाराने पाडला.

तेव्हा एखाद्या नव्या सरकारने मला विचारले तर मी कर्ज नाकारा असे पहिल्या दिवशी सांगत नाही. अर्थमंत्रालय, मध्यवर्ती बँक आणि सरकारी महामंडळे यांच्या कर्जाच्या फाइली आधी सील करा, असे सांगतो, कारण सत्तांतरानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच त्या गहाळ होतात. हप्ते देणे भाग असेल तर द्या, पण प्रत्येक हप्त्यासोबत 'आमचे आक्षेप राखून' असे लेखी कळवा. पुनर्रचनेच्या करारात बिनशर्त मान्यतेचे कलम येईल. ते संशयास्पद कर्जांना लागू होणार नाही, एवढी एक ओळ घालून घेण्यासाठी भांडा. सावकार ही ओळ सहसा नाकारतात, पण नेहमी नाही. ज्याला तो करार लवकर गुंडाळून मोकळे व्हायचे असते, तो कधीकधी मान्यही करतो. आणि भांडण राजवटीच्या नावाने करू नका, कर्जागणिक करा. दहा वाईट कर्जे पुराव्यानिशी नाकारणाऱ्या देशाला व्यापारी पत मिळत राहते. सगळीच नाकारणाऱ्याला ती मिळेल, याची खात्री मी देऊ शकत नाही.

आता आपला दुसरा प्रश्न, पैसे परत मिळण्याचा. बाताआनचे कर्ज फिटलेले आहे आणि कंपनीशी तडजोड झालेली आहे, त्यामुळे सावकाराकडून काही परत येण्याचा मार्ग मला दिसत नाही. लुटारूंकडून वसुली हा वेगळा मार्ग आहे आणि तिथे थोडे यश आले. डिसिनीने पाच कोटी डॉलरहून अधिक कमिशन परत करावे, असा निकाल 'सांडिगानबायन' या भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकी रक्कम पुरेशा पुराव्याने सिद्ध होत नाही म्हणून तो आकडा काढून टाकला आणि एक अब्ज पेसोंची भरपाई ठरवली. मघाशी फाइली सील करण्याबद्दल लिहिले, ते यासाठीच. मार्कोसच्या स्विस खात्यांतले सुमारे ६५ कोटी ८० लाख डॉलर २००३ मध्ये सरकारजमा झाले आणि २०१३ च्या कायद्याने त्यांतून दहा अब्ज पेसो मार्शल लॉच्या काळात छळ सोसलेल्यांसाठी राखून ठेवले गेले. ११,१०३ जणांचे दावे मान्य झाले. घरमालकीणबाईंच्या नात्यागोत्यातही त्यांपैकी कोणी असू शकेल.

प्रकल्पाची इमारत मोरोंगला अजून उभी आहे. मार्कोसचा मुलगा २०२२ पासून राष्ट्राध्यक्ष आहे आणि त्याच्या सरकारने २०२४ मध्ये प्रकल्प पुन्हा चालू करता येईल का, याच्या अभ्यासासाठी एका कोरियन सरकारी कंपनीशी करार केला आहे. काम पुढे गेले तर पैसा उभारावा लागेल आणि तेव्हा होणारे कर्ज निवडून आलेल्या सरकारचे असेल. त्याच्या अटी काय आहेत, हे घरमालकीणबाईंना या वेळी सही होण्यापूर्वी विचारता येईल.